ई-मेल आज्ञावल्या, मुक्तस्रोत : लेखाधिकार व परवाने
ई-मेलने आलेली पत्रे दूरच्या सर्व्हरवरून स्वतःच्या संगणकावर उतरवून घेऊन, महाजालाशी जोडणी नसतानाही ती वाचण्याची, जपण्याची व त्यांस उत्तरे लिहून ठेवण्याची सोय करणाऱ्या आज्ञावलीस ऑफलाइन ई-मेल आज्ञावली म्हणतात. फेचमेल, आयसिंक, ऑफलाइनआयमॅप व थंडरबर्ड ही मुक्तस्रोत वर्गातील परिचित उदाहरणे होत. त्यांची मूळ संहिता सर्वांस पाहण्यास खुली असते. तथापि मुक्तस्रोत म्हणजे लेखाधिकारमुक्त नव्हे. संहितेचा लेखाधिकार, म्हणजेच कॉपीराइट, कर्त्याकडेच राहतो आणि तो परवान्याद्वारे इतरांस वापर, फेरफार व वितरण यांची अनुमती देतो. परवान्याची सारी शक्ती लेखाधिकारातूनच येते. परवान्याच्या अटी मोडून केलेले वितरण लेखाधिकाराचा भंग ठरू शकते, असा निर्णय अमेरिकेच्या एका संघीय अपील न्यायालयाने जेकबसेन विरुद्ध कॅटझर या खटल्यात २००८ मध्ये दिला.

परवान्यांचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत. बीएसडी, एमआयटी व अपाची हे परवाने उदार असून, कर्त्याचा नामनिर्देश व परवान्याची प्रत कायम ठेवल्यास सुधारित आज्ञावली बंदिस्त स्वरूपातही विकता येते. याउलट ग्नू सार्वजनिक परवान्यानुसार (दुसरी आवृत्ती १९९१, तिसरी २००७) सुधारित आज्ञावलीचे वितरण करणाऱ्यास तिची संहिताही त्याच परवान्याखाली द्यावी लागते. फेचमेल व आयसिंक यांचे वितरण या परवान्याखाली होते. थंडरबर्डला लागू असलेला मोझिला परवाना मध्यममार्गी असून त्याचे बंधन केवळ बदललेल्या फायलींपुरते असते.

परवान्यातील शब्द संदिग्ध असल्यास काय घडते, हे पाइन या ई-मेल आज्ञावलीच्या इतिहासावरून दिसते. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात तिचे काम १९८९ मध्ये सुरू झाले. प्रारंभीच्या परवान्यात प्रती काढणे, बदल करणे व वितरण करणे या तिन्हींस अनुमती होती; परंतु बदललेल्या प्रतीचे वितरण करण्यास ती लागू नाही, असा अर्थ विद्यापीठाने पुढे लावला. परिणामी डेबियनसारख्या लिनक्स वितरणांना पाइनची सुधारित तयार प्रत देता येईना. पाइनसोबत येणाऱ्या पिको या संपादकाची जागा घेण्यासाठी १९९९ मध्ये नवी आज्ञावली लिहिण्यात आली. तीच आजची नॅनो होय. अखेर विद्यापीठाने पाइनची नवी पिढी अल्पाइन या नावाने अपाची परवान्याखाली दिली व तिची पहिली पूर्ण आवृत्ती २००७ मध्ये निघाली. विद्यापीठाने पुढे हे काम थांबविले, तरी परवाना निःसंदिग्ध असल्याने इतरांस ते चालू ठेवता आले.

दुसरी अडचण परवान्यांच्या परस्परविसंगतीची होय. पत्रांची ने-आण सुरक्षित व्हावी म्हणून या आज्ञावल्या अनेकदा ओपनएसएसएल या संग्रहाचा उपयोग करतात. त्याच्या जुन्या परवान्यात जाहिरातींत श्रेयनिर्देश करण्याची अट होती. ग्नू परवाना मात्र अशी जादा अट चालू देत नाही. म्हणून फेचमेल व आयसिंक यांच्या कर्त्यांनी ओपनएसएसएलशी जोडणी करण्यास विशेष अपवाद लिहून दिला. अनेकांनी लिहिलेल्या आज्ञावलीत प्रत्येकजण आपापल्या भागाचा धनी असतो. त्यामुळे असा अपवाद देण्यास किंवा परवाना बदलण्यास सर्वांची संमती लागते. ओपनएसएसएलने २०१७ मध्ये जुन्या योगदात्यांकडे अशी संमती मागितली, तेव्हा मौन म्हणजे संमती असे गृहीत धरल्याबद्दल तिच्यावर टीका झाली. अपाची परवान्याखालील तिची तिसरी आवृत्ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. अपाची परवाना ग्नू परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीशी सुसंगत मानला जातो, दुसऱ्या आवृत्तीशी नाही. त्यामुळे जुन्या अपवादांची गरज पूर्णपणे संपलेली नाही.

भारतात १९५७ च्या लेखाधिकार अधिनियमातील १९८४ च्या दुरुस्तीने संगणक आज्ञावलीचा समावेश साहित्यकृतीत करण्यात आला. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या संहितेचा लेखाधिकार, विरुद्ध करार नसल्यास, मालकाकडे जातो. म्हणून अशी संहिता मुक्तस्रोत आज्ञावलीस देण्यापूर्वी मालकाची संमती आवश्यक ठरते.

आज्ञावलीचा परवाना तिच्याद्वारे साठविलेल्या पत्रांस लागू होत नाही. पत्रांचा लेखाधिकार सामान्यतः ती लिहिणाऱ्याकडेच राहतो. तथापि संगणकावर वर्षानुवर्षे जपलेली पत्रे पुढेही वाचता यावीत, यासाठी ती हाताळणारी आज्ञावली मूळ कर्त्याने सोडून दिल्यावरही दुरुस्त करता आली पाहिजे. हा हक्क केवळ संहिता खुली असल्याने मिळत नाही. तो स्पष्ट शब्दांत लिहिलेल्या व सर्व लेखाधिकारधारकांना मान्य असलेल्या परवान्यानेच मिळतो.