बर्कलीची २६ फुटांची पट्टी

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या आवाराच्या तोंडाशी, बॅनक्रॉफ्ट वे आणि टेलिग्राफ अव्हेन्यूच्या चौकात, विटा बसवलेली २६ फुटांची एक पट्टी होती. आवारात राजकीय प्रचाराला आणि निधी गोळा करायला बंदी होती. ही पट्टी मात्र शहराची, असंच सगळे धरून चालले होते, म्हणून विद्यार्थी तिथे टेबलं मांडत, पत्रकं वाटत, वर्गणी जमवत. पुढे कळलं की जागा विद्यापीठाचीच आहे. १४ सप्टेंबर १९६४ला अधिष्ठात्या कॅथरिन टोल यांचं पत्र निघालं: बंदी तिथेही लागू.

त्याच उन्हाळ्यात मारिओ सॅव्हिओसारखे काही विद्यार्थी मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करून परतले होते. वर्गणीचं टेबल उचलायचं म्हणजे त्या लढ्याची रसद तोडायची, असं त्यांना वाटलं तर नवल नाही.

१ ऑक्टोबरला स्प्राउल हॉल या विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीसमोर, बंदी मोडून टेबल मांडून बसलेल्या जॅक वाइनबर्ग या कार्यकर्त्याला अटक झाली. पोलिसांनी त्याला गाडीत बसवलं, पण गाडी निघायच्या आत विद्यार्थी तिच्याभोवती बसले. ३२ तास गाडी जागची हलली नाही आणि वाइनबर्गही आतच राहिला. गाडीचा टप हेच व्यासपीठ झालं. सॅव्हिओ, जो एरवी बोलताना अडखळत असे, टपावर चढला तो बूट काढून, गाडीला ओरखडा जाऊ नये म्हणून. या साऱ्या इतिहासात मला हाच क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. इतक्या वक्त्यांच्या भारानं टप अखेर चेपलाच, तेव्हा भरपाईसाठीही विद्यार्थ्यांनीच वर्गणी काढली.

डिसेंबरच्या सुरुवातीला स्प्राउल हॉलमधल्या धरण्यातून सुमारे ८०० जणांना धरून नेलं. मग ८ डिसेंबरला प्राध्यापकांच्या सभेनं ८२४ विरुद्ध ११५ मतांनी ठराव केला. त्याचं सूत्र असं: विद्यापीठानं वेळ, जागा आणि पद्धत ठरवावी, म्हणणं काय असावं ते ठरवू नये. तास चालू असताना वर्गाच्या खिडकीखाली कर्णा वाजवायला मनाई करता येते. मात्र ती मनाई युद्धविरोधकाला आणि युद्धसमर्थकाला सारखीच हवी.

सरकारी विद्यापीठावर हे बंधन येतं ते अमेरिकेच्या १७९१च्या पहिल्या घटनादुरुस्तीमुळे. ती सरकारचे हात बांधते, आणि सरकारी विद्यापीठ हा सरकारचाच भाग. खासगी विद्यापीठाला ती थेट लागू नाही. १९७२मध्ये कनेक्टिकटच्या एका सरकारी कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की विचार पटत नाहीत एवढ्या कारणानं विद्यार्थी संघटनेला मान्यता नाकारता येत नाही. आवाराचे वाजवी नियम पाळायची अट मात्र घालता येते.

सॅव्हिओ १९९६मध्ये गेला. पुढच्या वर्षी स्प्राउल हॉलच्या पायऱ्यांना त्याचं नाव दिलं गेलं. त्या पायऱ्यांसमोरच्या पटांगणात फरशीत बसवलेलं एक दगडी वर्तुळ आहे, मध्ये सहा इंचांची उघडी माती. दगडावर कोरलं आहे की ही माती आणि तिच्यावरचं आकाश कोणत्याही राष्ट्राचं नाही, तिथे कोणाचाही अंमल चालत नाही. विद्यार्थी त्यावर पाय देऊन वर्गाला जातात.