विश्लेषण : जुन्या बोल्ट रायफलला दुर्बीण बसवताना खरी परीक्षा माउंटची का?

लोहा, कंधार पट्ट्यात सोयाबीन भरात आले की जागल सुरू होते. रानडुकरे एका रात्रीत पट्टाच्या पट्टा लोळवतात, रोह्यांचे कळप हरभऱ्याचे शेंडे खुडून जातात. अशा वेळी घरातली परवान्याची जुनी रायफल आठवते आणि पाठोपाठ प्रश्न येतो, तिच्यावर दुर्बीण बसवता येईल का? येईल. पण नेम चुकतो तो बहुतेक वेळा दुर्बिणीमुळे नव्हे, तर तिला रायफलवर धरून ठेवणाऱ्या माउंटमुळे.

आधी कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. हौसेची शिकार त्यातल्या १९९१च्या दुरुस्तीपासून बंदच आहे. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांनी पिकाचे नुकसान केल्यास वन विभागाच्या लेखी परवानगीने त्यांना मारता येते. राज्य सरकारने २०१५ मध्ये त्याची पद्धत ठरवून दिली. काळवीट मात्र पहिल्या अनुसूचीत आहे. त्याने कितीही पीक खाल्ले तरी पिकाच्या कारणावरून त्याच्यावर गोळी चालवता येत नाही. रायफलचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे, हे दोन वेगळे कागद आहेत.

.३१५ रायफलची अडचण काय?

भारतात नागरिकांकडे दिसणारी बोल्ट रायफल म्हणजे बहुधा .३१५. लष्कराच्या .३०३ काडतुसाची रायफल सामान्य माणसाला मिळत नाही, म्हणून हा वेगळा बोअर रुजला. सरकारी आयुध कारखान्यातल्या या रायफलची रचना ली-एन्फिल्डच्या घराण्यातली. ही रचना झाली तेव्हा सैनिक उघड्या डोळ्याने माशीवरूनच नेम धरत. त्यामुळे बॉडीचा मागचा भाग वरून उघडा आहे, बोल्ट तिथूनच मागे सरकतो. दुर्बिणीचा मागचा बेस टेकवायला भरीव, सपाट जागाच नाही.

ब्रिटिशांनाही ही अडचण आली होती. दुसऱ्या महायुद्धातल्या नंबर ४ (टी) या स्नायपर रायफलला त्यांनी बॉडीच्या डाव्या बाजूला दोन पोलादी पॅड बसवले आणि त्यांवर ब्रॅकेट कसून दुर्बीण धरली. आजही तीन वाटा आहेत. एक, डाव्या बाजूला भोके पाडून बसवायचा साइड माउंट. हा सर्वांत भक्कम. दुसरी, बॉडीला चाप लावून धरणारा बिनभोकाचा माउंट. रायफल जुनी, वडिलोपार्जित असेल आणि तिला डाग लावायचा नसेल तर हा बरा, पण धक्क्याने सैल होतो का ते सतत पाहावे लागते. तिसरी, मागच्या साइटच्या जागी, नळीवर पुढे बसणारा माउंट. त्याला डोळ्यापासून वीतभराहून अधिक लांबून दिसणारी खास दुर्बीण लागते. साधी दुर्बीण तिथे निरुपयोगी.

माउझर पद्धतीच्या जुन्या रायफलींचे दुखणे वेगळे. बोल्टचा दांडा सरळ आडवा असेल तर तो वर उचलताना दुर्बिणीला धडकतो आणि वरून फिरणारी सेफ्टीही अडते. दोन्ही बदलावे लागतात.

भोके पाडायची तर ती गावातल्या लेथवर नाही. बंदुकीची दुरुस्ती परवानाधारक कारागिरानेच करायची असते. शिवाय भोक केसभर तिरपे गेले तर ते बुजवता येत नाही.

केसभराने काय फरक पडतो?

दोन रिंगांमधले अंतर १३० मिमी धरा. त्यातली एक रिंग ०.१ मिमी, म्हणजे साधारण एका कागदाच्या जाडीइतकी सरकली, तर १०० मीटरवर गोळी जवळपास ७.७ सेंमी बाजूला जाते. डुकराच्या खांद्यामागचा नेम पोटात जातो. जखमी रानडुक्कर उसात शिरले की दुसऱ्या दिवशी तोडणीला जाणाऱ्यांच्या जिवाशी गाठ पडते. म्हणून दुर्बिणीवर पैसे घालून माउंट स्वस्तातला घेणे हा उलटा हिशेब आहे.

रिंग कोणती, किती उंच?

दुर्बिणीची नळी बहुधा एक इंच (२५.४ मिमी) किंवा ३० मिमी असते. रिंग त्याच मापाची हवी. मोठ्या रिंगेत पत्र्याची पट्टी घालून भागवू नये. बेसच्या खाचांमध्येही फरक आहे. वीव्हरची खाच सुमारे ४.६ मिमी, पिकाटिनीची ५.२ मिमी. त्यामुळे वीव्हरची रिंग पिकाटिनीवर बसते, उलटे सहसा जमत नाही.

उंचीचा नियम सोपा : पुढची काच नळीला टेकू नये आणि बोल्ट मोकळा फिरावा, एवढीच उंची. जुन्या रायफलचा दस्ता उघड्या माशीच्या हिशेबाने खाली उतरलेला असतो. दुर्बीण उंच बसली की गालाऐवजी हनुवटी दस्त्यावर टेकते आणि मान हलते. नंबर ४ (टी)च्या दस्त्यावर म्हणूनच लाकडी गालपट्टी जोडलेली असे. आज चामड्याची पट्टी बांधली तरी चालते. डोळा आणि काच यांत ८ ते ९ सेंमी अंतर ठेवावे, नाहीतर धक्क्याने भुवई फुटते.

दुर्बीण खरेच लागते का?

हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही. जागलीवर जनावर दिसते ते बहुधा चाळीस-पन्नास मीटरवर, सांजावताना. तेवढ्या अंतरावर चौपट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण पुरते, चांगली माशी असेल तर तीही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकले ते दुर्बिणीशिवाय. त्या स्पर्धेत ती चालतच नाही. अर्थात स्पर्धेतले लक्ष्य उजेडात आणि जागेवर असते, डुक्कर नसते.

दुर्बिणीतून दिसणारा भाग चिंचोळा असतो. जनावर मोठे दिसते. त्यामागची मचाण, शेजारच्या धुऱ्यावर निजलेला माणूस दिसत नाही. रायफलची गोळी काही किलोमीटर जाऊ शकते. पाहण्यासाठी बॅटरी किंवा हातातली दुर्बीण वापरावी, रायफल फिरवून शोध घेऊ नये.

बसवल्यानंतर?

स्क्रू आणि भोकांतले तेल आधी पुसून काढावे. बहुतेक कंपन्या रिंगच्या स्क्रूला १५ ते २० इंच-पाउंड, म्हणजे पावणेदोन ते सव्वादोन न्यूटन-मीटर एवढाच ताण सांगतात. जोर लावून आवळल्यास दुर्बिणीची नळी चेपते. कसून झाल्यावर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगेवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढावी. शेतरस्त्यावरून गाडीतून नेल्यावर रेघ तुटलेली दिसली, की नेम पुन्हा अधिकृत रेंजवर तपासल्याशिवाय ती रायफल वापरायची नाही.