भगिनींच्या हाती हातोडी : दुकानदाराने काय ठेवावे?

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीसारख्या गावात नळाचा वॉशर बदलण्यासाठी मिस्त्रीला बोलावून पाहा. तो ‘उद्या येतो’ म्हणेल, आणि त्याचेही चूक नाही. काही रुपयांच्या वॉशरसाठी चालू बांधकाम सोडून कोण येणार? तोवर सेकंदाला एक थेंब गळाला तरी दिवसाला 4 लिटरच्या वर पाणी वाया जाते. इकडचा उन्हाळा ज्याने काढला आहे, त्याला या 4 लिटरांची किंमत सांगायला नको.

हे काम घरची बाई करू शकते. आमचे काही कारागीर बंधू म्हणतील, हा आमच्या पोटावर पाय आहे. तसे नाही. ज्या कामाला मिस्त्री येतच नाही, तेवढेच काम ती करणार आहे.

आपल्या मराठवाड्यातच याचा दाखला आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या भिंती आणि धाब्याची जड छपरे कोसळून सुमारे 8 हजार माणसे गेली. पुढे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत शासनाने घरदुरुस्ती व मजबुतीकरणाचा कार्यक्रम घेतला. त्यात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेमार्फत गावोगावच्या महिला संवाद सहायक झाल्या. भिंत मजबूत कशी होते हे त्या स्वतः शिकल्या आणि इतरांना समजावू लागल्या. घर कुठे गळते आणि कुठे फुगते, हे दिवसभर घरात वावरणारीलाच आधी कळते.

आता अवजारांविषयी. मेळ्यात मिळणारी चाळीस नगांची चकचकीत पेटी घेऊ नये. तिच्यातील निम्मे सामान कधी वापरात येत नाही आणि उरलेल्याचे तोंड महिन्यात झिजते. त्याऐवजी 250 ते 300 ग्रॅमची हातोडी, एक चांगली पक्कड, चपटा आणि चौफुली असे दोन पेचकस, एक स्क्रू पान्हा, टेस्टर, मोजपट्टी, लहान थापी आणि टेफ्लॉन टेप घ्यावी. एवढ्यावर घरातील बरीचशी कामे निघतात. नाशिकच्या टपारियाचा किंवा जालंधरचा माल गावोगाव पोचतो. राजस्थानातील नागौरच्या लोहारांची पक्कडही प्रसिद्ध आहे. घेताना मूठ हातात धरून पाहावी. पुरुषाच्या पंजाची मूठ लहान हाताला जड जाते.

विजेच्या बाबतीत मात्र धिटाई नको. आधी मेन स्विच बंद करावा. टेस्टर प्रथम चालू पॉइंटवर लावून तो पेटतो याची खात्री करावी, मगच काम चाललेल्या जागी लावावा. पत्र्याच्या घरात वायर सोलली गेली तर साऱ्या पत्र्यात करंट उतरतो. म्हणून 30 मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी वायरमनकडून बसवून घ्यावा. हा खर्च टाळू नये. ड्रिल चालवताना ओढणीचे टोक आणि सैल बाही बांधून घ्यावी, डोळ्यांवर चष्मा लावावा, हातमोजे घालू नयेत.

भिंतीच्या चिरेचे तंत्र निराळे आहे. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते आणि चीर उघडझाप करते. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. केसाएवढी चीर वर्षभर तिथेच राहिली तर पुट्टी भरावी. ती लांबली, बोटाएवढी झाली किंवा ओळंबा लावल्यावर भिंत कललेली दिसली, तर थापी खाली ठेवून मिस्त्रीला बोलवावे. तिथे त्याचाच हुन्नर लागतो.

दुकानदार बंधूंनी एक करून पाहावे. ड्रिल मशीन घरात वर्षातून दोनदा लागते, त्यासाठी ती विकत कोण घेईल? दिवसाच्या भाड्याने द्यावी. सोबत 6 मिलिमीटरचे बिट आणि गट्ट्या आपोआप खपतात. वॉशरही डझनाच्या पाकिटात न विकता सुटा द्यावा आणि तो कसा बसतो ते गल्ल्यावरच जुन्या नळावर दाखवावे. बाईमाणूस आले की ‘घरच्या माणसाला पाठवा’ म्हणणारा दुकानदार स्वतःचेच गिऱ्हाईक परत पाठवतो.

एखाद्या भगिनीने यातूनच गवंडीकाम किंवा सुतारकाम हा धंदा केला, तर 2023 च्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत ही दोन्ही कामे आहेत. अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंतची तरतूद आहे. हातोडी व अवजारे बनवणारे कारागीरही त्यात येतात. मात्र कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो. तेव्हा नाव कोणाचे नोंदवायचे, हे घरात आधी ठरवून मगच अर्ज भरावा.