रंगवलेली गुणसूत्रे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

काळ्याभोर पार्श्वभूमीवर लाल, हिरव्या, निळ्या रंगांचे आखूड तुकडे विखुरलेले आणि खाली ओळ, 'गव्हाची गुणसूत्रे'. असे चित्र विज्ञानाच्या पुस्तकात किंवा कृषी विद्यापीठाच्या प्रदर्शनात बहुतेकांनी पाहिलेले असते. चित्र देखणे असते, पण ते वाचायचे कसे हे सहसा कोणी सांगत नाही. त्यामुळे पदवीच्या वर्गातही काही चुकीच्या समजुती वर्षानुवर्षे टिकून राहतात.

गैरसमज: गुणसूत्रांना मुळात असे रंग असतात, किंवा त्यांच्यावर सरसकट रंग चढवलेला असतो.

गुणसूत्र रंगहीन असते. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात कांद्याच्या मुळाचे टोक अ‍ॅसिटोकार्मिनमध्ये ठेवतात तेव्हा सगळी गुणसूत्रे सारखीच लालसर होतात. कोणते कोणते आहे, हे त्या रंगाला कळत नाही. रंगीबेरंगी चित्रामागची पद्धत वेगळी आहे. तिला 'फिश' म्हणतात आणि ती थोडी जवळून पाहण्यासारखी आहे.

गव्हाचा दाणा ओल्या कागदावर रुजवतात. मूळ सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचे झाले की कापून बर्फाच्या पाण्यात सुमारे दिवसभर ठेवतात. पेशीचे विभाजन चालू असताना गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे धागे थंडीने मोडतात. गुणसूत्रे आखडून जाड होतात आणि तिथेच अडकून राहतात. हेच काम कोल्चिसिनही करते. आपल्या सह्याद्रीतल्या कळलावीच्या कंदात आणि बियांत ते असते. मग तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग अ‍ॅसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात मूळ टाकले की पेशी मरते, पण तिची रचना जशीच्या तशी राहते. वनस्पतीच्या पेशीला भिंत असते, म्हणून सेल्युलेज आणि पेक्टिनेज ही विकरे वापरून ती भिंत आधी सैल करावी लागते. त्यानंतर काचपट्टीवर एक थेंब, वर पातळ काच आणि अंगठ्याचा नेमका दाब. हा दाब जमायला सरावच लागतो. कमी पडला तर गुणसूत्रे एकमेकांवर चढलेली राहतात, जास्त झाला तर ती फुटून इतस्ततः पसरतात.

आता ज्या डीएनएचा ठावठिकाणा हवा असेल त्याचाच तुकडा घेऊन त्याला खूण जोडतात. या तुकड्याला 'प्रोब' म्हणतात. खूण म्हणून पुष्कळदा डिगॉक्सिजेनिन वापरतात. ते डिजिटॅलिस नावाच्या झाडापासून मिळते. इतर वनस्पतींत ते नसल्यामुळे त्याला चिकटणारे प्रतिद्रव्य भलतीकडे जात नाही. काचपट्टी 80 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवली की डीएनएच्या दोन साखळ्या सुटतात. मग रात्रभर 37 अंशांना ठेवल्यावर प्रोब आपल्या जोडीदार क्रमावर जाऊन बसतो. दुसऱ्या दिवशी चमकणारे रंगद्रव्य जोडलेले प्रतिद्रव्य सोडले की तेवढीच जागा उजळते. बाकीचे गुणसूत्र दिसावे म्हणून डॅपी हे निळे चमकणारे द्रव्य असतेच.

इतके होऊनही छापलेला रंग पुष्कळदा संगणकाने दिलेला असतो. या कामातले कॅमेरे बहुधा कृष्णधवल असतात. ते प्रत्येक प्रकाशलहरीचे छायाचित्र वेगळे घेतात आणि नंतर त्यांना रंग देऊन ते एकमेकांवर ठेवले जातात. म्हणून चित्र खोटे ठरत नाही. ठिपका कुठे आहे हे खरे असते, तो लाल की हिरवा हे मात्र संशोधकाने ठरवलेले असते.

याच प्रक्रियेबद्दल आणखी एक शंका शेतकरी मेळाव्यांत ऐकू येते: यातून बियाणे बदलते का? नाही. तपासलेली पेशी काचेवर मेलेली असते. मुळाची टोके कापलेले रोप पुन्हा लावले तर ते आपले वाढत राहते आणि त्याच्या जनुकांत काहीही फरक पडत नाही.

गैरसमज: हे तंत्र माणसासाठी तयार झाले आणि तेच वनस्पतींना लावले.

अख्खे गुणसूत्र एका रंगात उजळवण्याचे काम माणसाच्या पेशींत 1988 मध्ये साधले, हे खरे. वनस्पतींवर तीच युक्ती करून पाहिली, तेव्हा मात्र एकाऐवजी सगळीच गुणसूत्रे उजळू लागली. कारण डीएनएच्या स्वभावात आहे. मका आणि गव्हाच्या डीएनएचा सुमारे 85 टक्के भाग पुन्हापुन्हा येणाऱ्या क्रमांचा असतो आणि तेच क्रम सगळ्या गुणसूत्रांवर पसरलेले असतात. एका गुणसूत्रापासून बनवलेला प्रोब मग सगळीकडे चिकटतो. माणसात या पुनरावृत्तीला बिनखुणेच्या डीएनएने झाकता आले, वनस्पतींत ते पुरले नाही.

पहिले यश आले 2001 मध्ये, अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या चिमुकल्या रोपात. त्याची गुणसूत्रे दहाच, डीएनए थोडा, पुनरावृत्ती कमी आणि त्याचा संपूर्ण क्रम डिसेंबर 2000 मध्ये प्रसिद्ध झालेला. पुढची उडी संगणकाने घेतली. जिनोममधून, म्हणजे रोपाच्या संपूर्ण डीएनएमधून, एकाच गुणसूत्रावर सापडणारे हजारो छोटे क्रम निवडायचे आणि प्रयोगशाळेत तेवढेच तयार करायचे. काकडीत हे 2015 मध्ये झाले. 2019 मध्ये मक्याच्या दहाही जोड्या वेगवेगळ्या रंगांत दिसल्या.

उसनवारी उलट दिशेनेही झाली, हे फारसे सांगितले जात नाही. माणसाची गुणसूत्रे 46 आहेत हे 1956 मध्ये जाहीर करणारे तिओ आणि लेव्हान हे दोघेही वनस्पतींच्या गुणसूत्रांवर काम केलेले होते. तोवर आकडा 48 धरला जात होता. लेव्हान यांनी कांद्याच्या मुळावर कोल्चिसिनचा परिणाम 1938 मध्येच अभ्यासला होता. गुणसूत्रावर आडवे चमकते पट्टे दाखवणारे कॅस्परसन यांचे 1968 चे प्रयोगही बाकला या घेवड्याच्या भाईबंदावर झाले. वनस्पतीशास्त्राला मागून येणारे शास्त्र समजणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

गैरसमज: लांबी आणि आकार पाहिला की गुणसूत्र ओळखता येते.

कधीकधी येते. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी 1929 मध्ये मक्याची दहाही गुणसूत्रे लांबी, भुजांचे प्रमाण आणि गाठींवरून वेगळी काढली आणि त्यातून मक्याचे सगळे जनुकशास्त्र बदलले. पण मका त्या दृष्टीने दयाळू पीक आहे. कांद्याची 16 गुणसूत्रे भरपूर मोठी, तरी एकमेकांसारखी. उसाची तर इतकी बारीक आणि इतकी जास्त की मोजणेच अवघड. गव्हाची गुणसूत्रे ए, बी आणि डी अशा तीन गटांत मोडतात आणि तिथे दोन पुनरावृत्त क्रमांचे प्रोब एकत्र वापरतात. ठिपक्यांच्या नक्षीवरून बी आणि डी गटांतली गुणसूत्रे आणि ए गटातली काही नेमकी ओळखू येतात.

संख्येवरून झाडाची 'प्रगती' ठरवणे हाही असाच प्रकार. ऑफिओग्लॉसम या छोट्या नेच्यात गुणसूत्रांची संख्या हजारांच्या घरात, 1260 पर्यंत नोंदवलेली आहे. भाताला 24 पुरतात.

गैरसमज: आता जिनोम वाचता येतो, सूक्ष्मदर्शकाचे दिवस संपले.

हा गैरसमज मला सगळ्यात घातक वाटतो, कारण त्यापायी हे कौशल्य शिकवणेच बंद होऊ शकते. गव्हाचेच उदाहरण घ्या. राय हे थंड प्रदेशातले गव्हाच्या नात्यातले तृणधान्य. त्याच्या पहिल्या गुणसूत्राची आखूड भुजा गव्हाच्या 1बी गुणसूत्राच्या लांब भुजेला जोडली गेली आणि त्या भुजेबरोबर काळ्या, तपकिरी आणि पिवळ्या अशा तिन्ही तांबेऱ्यांना रोखणारी जनुके आली. कॉकेझ या रशियन वाणाकडून ती मेक्सिकोतल्या सिमिट संस्थेच्या व्हीरी वाणांत गेली आणि तिथून जगभर. उत्तर भारतात प्रचंड पेरला गेलेला पीबीडब्ल्यू 343 हा वाणही हीच भुजा घेऊन आला. पुढे युगांडात यूजी 99 ही काळ्या तांबेऱ्याची जात आढळली आणि एसआर 31 हे त्या भुजेवरचे जनुक निष्प्रभ झाले. एवढ्या देशांचा गहू एकाच भुजेवर विसंबून होता, हे तेव्हा उघडे पडले.

ही भुजा नेमकी कुठे जोडली आहे आणि अख्खी आहे की तुकडा, हे 'गिश' या फिशच्याच एका प्रकाराने थेट दिसते. रायचा संपूर्ण डीएनए चमकवायचा आणि गव्हाचा बिनखुणेचा डीएनए भरपूर घालून बाकी जागा झाकायची. गव्हाच्या 42 गुणसूत्रांत दोनच गुणसूत्रांची फक्त अर्धी बाजू उजळते. रायची भुजा गव्हाच्या भुजेशी सहसा देवाणघेवाण करत नाही, त्यामुळे तांबेऱ्याच्या जनुकाबरोबर कणीक चिकट करणारी रायची प्रथिनेही बांधून येतात. छोटा तुकडा असलेले रोप हवे असेल, तर ते शोधताना हे चित्र उपयोगी पडते.

महाराष्ट्राचा ऊस याहून गुंतागुंतीचा. आजच्या वाणांत 100 ते 130 गुणसूत्रे असतात आणि ती गोड उसाच्या आणि काटक रानटी उसाच्या संकरातून आलेली आहेत. 1996 मध्ये एका वाणावर गिश वापरून कळले की त्यातली सुमारे दहा टक्के गुणसूत्रे रानटी उसाची आणि साधारण तितकीच दोघांच्या तुकड्यांची मिसळण आहेत. एकाच गुणसूत्राच्या जवळजवळ सारख्या इतक्या प्रती असल्या की नुसता क्रम वाचून कोणती प्रत कुणाची हे लावणे फार कठीण जाते. कोईमतूरला ऊस संकराच्या सुरुवातीच्या काळात वनस्पतीशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांनी साध्या सूक्ष्मदर्शकावर उसाची गुणसूत्रे अभ्यासली. पुढे डार्लिंग्टन यांच्यासोबत त्यांनी 1945 मध्ये लागवडीच्या वनस्पतींचा गुणसूत्र-अ‍ॅटलास काढला.

फिशलाही मर्यादा आहेत. फार छोटा क्रम त्यात उजळत नाही. शिवाय एका पेशीवरून काही ठरत नाही. अनेक पेशींत आणि अनेक रोपांत तेच दिसले, तरच ते ग्राह्य धरायचे. म्हणून पुढच्या वेळी असे चित्र समोर आले की त्याखालची ओळ आधी वाचा: प्रोब कोणता, कोणता रंग कशासाठी, किती पेशी पाहिल्या. यातले काहीच दिलेले नसेल, तर ते चित्र शोभेचे समजा आणि पुरावा मागा.