ॲम्प्लिफायरचे राखीव बळ

कॅडेट मित्रांनो, सुट्टीहून परत येताना तुमच्यापैकी कोणी ना कोणी दरवर्षी एक प्रश्न घेऊन येतो. "सर, बाबा घरी गाणी ऐकायला नवा ॲम्प्लिफायर घेणार आहेत. दुकानदार म्हणतो, ५० वॉटचा नको, १०० चा घ्या. किती वॉट पुरेत?" भेटीच्या रविवारी पालकही हेच विचारतात. उभ्या उभ्या याचे उत्तर देता येत नाही, म्हणून आज ते सविस्तर लिहितो. अकरावीच्या भौतिकशास्त्रापलीकडचे काही लागणार नाही. प्रश्न पैशाचा तर आहेच, पण तो कानांचाही आहे.

सुरुवात आपल्या पाइप बँडपासून करू. बॅगपाइप वाजवणारा पिशवीतल्या हवेचा दाब सतत सारखा ठेवतो. एखादा सूर हळू आणि एखादा जोरात अशी सोय त्या वाद्यात नाही. एकदा वाद्य सुरू झाले की आवाजाची पातळी शेवटपर्यंत जवळपास एकच. आता साइड ड्रमकडे पाहा. काठीचा फटका काही मिलिसेकंदांचा, आणि दोन फटक्यांच्या मध्ये आवाज झपाट्याने खाली येतो. मिनिटभराची सरासरी काढली तर ड्रमचा आवाज फार मोठा भरणार नाही, पण फटक्याच्या क्षणाचे शिखर मात्र सरासरीच्या कितीतरी वर असते. ॲम्प्लिफायर किती वॉटचा हवा हे ठरते ते सरासरी आणि शिखर यांच्यातील अंतरावर.

संगीताचेही असेच दोन प्रकार पडतात. आजची बरीचशी चित्रपटगीते आणि नाचाची गाणी ध्वनिमुद्रणानंतर मुद्दाम 'दाबलेली' असतात. हळू भाग वर उचलतात आणि मोठा भाग खाली आणतात, म्हणजे गाडीत किंवा मोबाइलवर सगळे सारखे ऐकू येते. अशा गाण्यात शिखर सरासरीच्या साधारण ६ ते १० डेसिबल वर असते. याउलट एखादा ख्याल घ्या. विलंबितात तानपुऱ्याची गुंजन आणि हळुवार आलाप, पुढे द्रुतात तबल्याचे कडकडीत बोल आणि जोरकस ताना. किंवा शंभर वादकांचा पाश्चात्त्य वाद्यवृंद घ्या. नीट केलेल्या ध्वनिमुद्रणात इथे शिखर सरासरीच्या २० डेसिबल वर जाऊ शकते. सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंतच्या अंतराला आपण आवाजाचा पल्ला म्हणू. या संगीताचा पल्ला लांब असतो.

लांब पल्ल्याचे टोकाचे उदाहरण तुम्हाला आवडेल असे आहे. रशियन संगीतकार चायकोव्हस्की याने नेपोलियनच्या स्वारीला रशियाने दिलेल्या तोंडावर '१८१२' ही रचना १८८० मध्ये केली. तिच्यात वाद्यांबरोबर तोफांचे बारही लिहिलेले आहेत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील टेलार्क कंपनीने सिनसिनाटीच्या वाद्यवृंदाकडून तिचे ध्वनिमुद्रण केले, तेव्हा खऱ्या तोफा वापरल्या. त्या तबकडीवर खरेदीदारांसाठी इशाराच छापला होता की तोफांच्या बारांनी स्पीकरला इजा होऊ शकते.

आता डेसिबल. हे अंतर मोजायचे नाही, पटीत मोजायचे एकक आहे. शक्ती दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात, दसपट झाली की १०, आणि शंभरपट झाली की २०. म्हणजे सरासरीला १ वॉट लागत असेल, तर २० डेसिबल वरच्या शिखराला १०० वॉट लागतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. आवाज 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. तेव्हा ५० ऐवजी १०० वॉटचा ॲम्प्लिफायर घेतला तर आवाज दुप्पट होत नाही. मिळतात फक्त ३ डेसिबल, आणि कानाला तो फरक जेमतेम 'थोडा वाढला' एवढाच वाटतो.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. त्यासाठी चार आकडे लागतात.

पहिला, स्पीकरची संवेदनशीलता. १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. घरगुती स्पीकरचा तो बहुधा ८५ ते ९० च्या दरम्यान असतो आणि माहितीपत्रकात छापलेला असतो. आपण ८७ धरू. दुसरा, बसण्याचे अंतर. मोकळ्या मैदानावर अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल घटतात, त्यामुळे ३ मीटरवर साडेनऊ घटतील. खोलीत भिंती आवाज परत पाठवतात, म्हणून घट ६ धरू. तिसरा, स्पीकर किती. दोन स्पीकर एकत्र वाजले की ३ डेसिबलची भर. म्हणजे प्रत्येक स्पीकरला १ वॉट दिला तर खुर्चीत ८७ वजा ६ अधिक ३, असे ८४ डेसिबल ऐकू येतील. चौथा आकडा म्हणजे तुम्हाला ऐकायचे किती मोठ्याने.

घरात मन लावून ऐकायला सरासरी ७५ डेसिबल पुष्कळ झाले. ते ८४ च्या ९ डेसिबल खाली आहे. म्हणजे सरासरीला लागतो एक अष्टमांश वॉट! पण ख्यालातील किंवा वाद्यवृंदातील शिखर ९५ वर जाईल आणि त्याला साडेबारा वॉट लागतील. सरासरी ८० ठेवली, तर सरासरीला ०.४ वॉट आणि शिखराला ४० वॉट. सरासरी ८५ ठेवली, तर सरासरीला सव्वा वॉट आणि शिखराला १२५ वॉट. हे सर्व आकडे प्रत्येक स्पीकरचे आहेत. ॲम्प्लिफायरवर छापलेला वॉटचा आकडा साइन तरंगाचा असतो आणि त्या तरंगाचे क्षणिक शिखर त्याच्या दुप्पट असते. त्यामुळे या हिशेबात ३ डेसिबलची गंगाजळी आपोआप राहते.

यावरून काय दिसते? ॲम्प्लिफायर बहुतेक वेळ एक-दोन वॉटसुद्धा देत नसतो. उरलेले वॉट हे राखीव दल आहे. डावपेचांच्या तासाला तुम्ही शिकता की राखीव तुकडी रोजच्या गस्तीवर खर्चायची नसते, पण निर्णायक क्षणी ती जागेवर लागतेच. तबल्याची थाप किंवा तोफेचा बार हा तो क्षण.

राखीव दल अपुरे पडले तर काय होते, तेही पाहा. शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॉट द्यायला सुमारे २८ व्होल्ट लागतात आणि तरंगाचे शिखर ४० व्होल्टवर जाते. ॲम्प्लिफायरच्या आतील वीजपुरवठा जेवढे व्होल्ट देतो, त्यापलीकडे तरंग जाऊच शकत नाही. मग डोंगराचा माथा कापून पठार व्हावे तसे तरंगाचे शिखर सपाट होते. याला क्लिपिंग म्हणतात. तबल्याची थाप बोथट होते, आवाज कर्कश वाटतो. शिवाय सपाट माथ्याच्या चौकोनी तरंगात त्याच उंचीच्या साइन तरंगाच्या दुप्पट शक्ती असते, आणि त्यात मूळ संगीतात नसलेल्या उच्च कंप्रता निर्माण होतात. त्या जातात ट्वीटरकडे, आणि ट्वीटरची नाजूक तार फार शक्ती सोसण्यासाठी बनवलेलीच नसते.

एका स्नेहसंमेलनात मी हे घडताना पाहिले आहे. छोट्या ॲम्प्लिफायरचा खटका कोणीतरी शेवटपर्यंत फिरवून ठेवला होता. अर्ध्या तासात दोन्ही ट्वीटर गेले. सगळे म्हणाले, 'ॲम्प्लिफायर फार दमदार निघाला.' खरी गोष्ट उलटी होती. तो कमी पडला होता.

याचा अर्थ मोठ्यात मोठा ॲम्प्लिफायर घ्यावा असाही नाही. स्पीकरच्या पडद्याला पुढे-मागे हलण्याची मर्यादा असते. टेबलावर मावणाऱ्या छोट्या स्पीकरला २०० वॉट दिले म्हणून तो तोफेचा बार काढणार नाही, फार तर त्याची कॉइल जळेल. पालकांनी खरेदी करताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

'पीएमपीओ' अशा नावाने छापलेल्या हजारो वॉटकडे दुर्लक्ष करा. ते मोजण्याची कोणतीही प्रमाण पद्धत नाही. 'आरएमएस' किंवा 'सतत' वॉट पाहा. किती ओहमवर, किती कंप्रतांत आणि किती टक्के विरूपणावर, हेही सोबत दिलेले हवे. असे फुगवलेले आकडे रोखण्यासाठी अमेरिकेत १९७४ मध्ये नियमच करावा लागला. दोन्ही स्पीकर एकाच वेळी चालू असताना मोजलेला आकडा सर्वांत विश्वासाचा. काही माहितीपत्रकांत क्षणिक राखीव क्षमता डेसिबलमध्ये देतात. थोड्या मिलिसेकंदांच्या शिखरासाठी ॲम्प्लिफायर आपल्या सतत क्षमतेच्या किती वर जाऊ शकतो, हे त्यातून कळते. लांब पल्ल्याच्या संगीतासाठी हा आकडा मोलाचा आहे. स्पीकर ४ ओहमचा असेल तर ॲम्प्लिफायरला दुप्पट विद्युतप्रवाह द्यावा लागतो, तेव्हा तो ४ ओहमला चालतो का, हे विचारून घ्या.

आणि पैसे वाचवायचे असतील तर वॉटच्या आधी संवेदनशीलता पाहा. ८७ ऐवजी ९० चा स्पीकर घेतला की ५० वॉटचा ॲम्प्लिफायर १०० वॉटचे काम करतो. खुर्ची मीटरभर पुढे ओढली तरी दीड-दोन डेसिबल फुकट मिळतात.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र छताला टांगलेला असतो. पंख्याच्या घरघरीने खोलीतील गोंगाट समजा ५० डेसिबल आहे. सरासरी ७५ वर ऐकताना हळुवार आलाप ५५ वर असेल, तर तो घरघरीच्या जेमतेम वर राहील. आपण काय करतो? आलाप ऐकू यावा म्हणून आवाज वाढवतो, आणि त्याबरोबर प्रत्येक शिखरही तेवढेच वाढते. त्याऐवजी पंखा मंद केला, खिडकी लावली आणि गोंगाट १० डेसिबल उतरला, तर तोच आलाप १० डेसिबल हळू वाजवूनही तितकाच स्पष्ट राहील. १० डेसिबल म्हणजे एक दशांश शक्ती. १०० वॉटचे काम १० वॉटमध्ये. पल्ला नुसता वरच्या टोकाने वाढत नाही, खालच्या टोकानेही वाढतो.

आता कानांचे. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा संशोधन संस्थेने सुचवलेली मर्यादा अशी आहे: ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटे. हे ३ डेसिबल ओळखीचे वाटले ना? ॲम्प्लिफायरला ती दुप्पट शक्ती पडते, पालकांच्या खिशाला मोठा खर्च पडतो, कानाला फरक जेमतेम जाणवतो, आणि सुरक्षित वेळ मात्र निम्म्यावर येतो. म्हणूनच 'थोडेसेच वाढवतो' हे वाक्य सर्वांत फसवे आहे.

इथे दाबलेल्या गाण्यांचा धोका अधिक. ख्यालात शिखर क्षणभर येते आणि जाते. दाबलेल्या गाण्यात सरासरीच शिखराला टेकलेली असते, त्यामुळे कानाला उसंतच मिळत नाही. ड्रमच्या दोन फटक्यांत विश्रांती आहे, बॅगपाइपमध्ये ती नाही, तसेच हे.

तुमच्यापैकी बहुतेकांना पुढे सैन्यदलाच्या वैद्यकीय तपासणीला सामोरे जायचे आहे. तिथे पाठमोरे उभे राहून, सुमारे ६ मीटरवरची कुजबुज प्रत्येक कानाने वेगवेगळी ऐकावी लागते. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ॲम्प्लिफायर बिघडला तर नवा घेता येतो.

तेव्हा हिशेब असा ठेवा. मध्यम आकाराच्या खोलीत साधारण ८७ ते ९० संवेदनशीलतेचे स्पीकर असतील, तर प्रत्येक स्पीकरला ४० ते ६० खरे वॉट ख्यालाला, नाट्यसंगीताला आणि वाद्यवृंदालाही पुरतात. त्याहून जास्त घ्यायचे असतील तर शिखरांसाठी घ्या, सरासरी वाढवण्यासाठी नको. खटका निम्म्याच्या खाली ठेवा, पंखा मंद करा आणि पहिला आलाप नीट ऐकू येतो का ते पाहा. तो ऐकू आला की बाकीचे काम राखीव दलावर सोडा.