आता घेऊ की थांबू?

गेल्या रविवारी भाचा प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये कागद घेऊन आला. विरार पूर्वेला वन बीएचके बघून ठेवलाय, टोकन द्यायचं बाकी आहे. म्हणाला, "मामा, आता घेऊ की थांबू?"

1995 साली मी थांबलो होतो. तेव्हा वसईत रोज नवा पाया खणला जात होता. सिडको 1990 साली इथं नियोजन प्राधिकरण म्हणून आली, त्याआधीच वाड्या विकायला लागल्या होत्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या हरित वसईच्या मोर्चात आमच्या आळीतली माणसंही चालली. पण केळीच्या बागेलगतचं आमचं बावखल, म्हणजे जुनं तळं, काही वाचलं नाही. दोन उन्हाळ्यांत डंपरनं माती टाकून ते बुजवलं गेलं. आज तिथं चार मजली इमारत आहे आणि दर पावसाळ्यात तिच्या तळमजल्यात पाणी शिरतं. पाणी जुन्या जागेवर परत येतं, एवढंच. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याला रूळ बुडून गाड्या बंद पडल्या, तेव्हा त्या इमारतीतली म्हातारी माणसं वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे झोपायला गेली होती.

माझं थांबणं फळलं. 1996 नंतर मुंबईभर भाव बसले, आणि पंधरा-सोळा टक्क्यांचं गृहकर्ज 2003 पर्यंत आठाच्या आसपास आलं. मी तेव्हा घेतलं. माझ्याच ऑफिसातला एकजण म्हणाला, अजून उतरेल. पुढे बोरिवली-विरार चौपदरीकरण झालं, 2009 साली महापालिका आली, आणि तो अजून भाड्यानं राहतो. भाव कधी चढेल हे मला तेव्हा कळलं नव्हतं, त्यालाही नाही.

नळाच्या पाण्याचंही तसंच. "सूर्या धरणाचं पाणी येतंय" हे वाक्य मी वीस वर्षं दलालांच्या तोंडून ऐकलं. एमएमआरडीएच्या रोज 403 दशलक्ष लिटरच्या योजनेतला 185 दशलक्ष लिटरचा वाटा वसई-विरारला मिळायचा, तो 2023 च्या अखेरीस यायला लागला. तोवर जिन्यात निळे ड्रम आणि रात्री दोन वाजता टँकरची घरघर. आजही काही सोसायट्यांत ती थांबलेली नाही.

पण ज्यांचं घरच गेलं, त्यांच्यापुढे हे सगळं किरकोळ आहे. नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव जागेवर 41 इमारती उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानं 2025 च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या. लोकांनी पंखे, खिडक्यांच्या ग्रिल्स काढून रस्त्यावर आणून ठेवल्या होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट कोसळून 17 माणसं गेली; ती इमारतही विनापरवाना. 2023 साली तर बनावट सीसी (बांधकाम परवानगी), बनावट रेरा नोंदणीवर बांधलेल्या 55 इमारतींचं प्रकरण पोलिसांत गेलं. "बँकेनं कर्ज मंजूर केलंय म्हणजे कागद बरोबर असणार," असं इथं अजूनही म्हणतात, आणि त्याचा मला संताप येतो.

म्हणून भावाचं काही न बोलता मी भाच्याचं फोल्डर उघडलं. सातबारा होता, एनए होतं, सीसीची झेरॉक्स होती. शिक्का इतका पुसट की तारीख लागेना. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, नव्हती. "पझेशनच्या आधी येईल म्हणालेत," तो म्हणाला.

टोकन थांबवलंय. सोमवारी त्यानं हाफ डे टाकलाय. ती झेरॉक्स घेऊन आम्ही दोघं महापालिकेच्या नगररचना विभागात जाणार आहोत, आणि येताना प्लॉटच्या मागचा नाला बघून येणार आहोत.