स्वतःच्या हाताने घ्यायची सुई

लिंगाला ताठरता येत नसेल किंवा आली तरी टिकत नसेल, तर लिंगाच्या बाजूला बारीक सुईने औषध सोडून ती आणता येते. लिंगाच्या आत दोन्ही अंगांना स्पंजासारख्या दोन नळ्या असतात. औषधाने त्यांतले स्नायू सैल पडतात, रक्त भरते आणि पाच ते वीस मिनिटांत ताठरता येते. सिल्डेनाफिलसारख्या गोळीचा गुण येण्यासाठी मेंदूचा संदेश मज्जातंतूंतून खाली पोचावा लागतो. सुईचे त्यावाचून अडत नाही. म्हणून प्रोस्टेटच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेला, वर्षानुवर्षे शुगर असलेला किंवा अपघातात मणक्याला इजा झालेला, असा ज्याला गोळी लागू पडत नाही त्याला ही सुई उपयोगी ठरते. छातीत दुखते म्हणून सॉर्बिट्रेट घेणाऱ्याला तर ती गोळी देताच येत नाही, कारण बीपी एकदम खाली येतो. संबंधाचा ताण त्याचे हृदय सोसेल असे डॉक्टरांनी ठरवले, तर त्याच्यासाठीही हा मार्ग मोकळा असतो.

पॅरिसचे शल्यविशारद रोनाल्ड विराग यांनी 1982 मध्ये पापाव्हरिन या औषधाचा हा परिणाम प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी लास व्हेगासच्या परिषदेत ब्रिटिश शास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी स्वतःला इंजेक्शन टोचून भर सभेत परिणाम दाखवला. याच कामाच्या अल्प्रोस्टाडिल या औषधाला अमेरिकेत 1995 मध्ये मान्यता मिळाली. 1998 मध्ये सिल्डेनाफिलची गोळी आली आणि सुई मागे पडली. गोळीने भागत नाही त्यांच्यासाठी मात्र ती आजही तितकीच मोलाची आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातला पुरुष या सुईपर्यंत पोचतो तो बहुधा उशिरा. लोकलच्या डब्यात आणि रुळांकडेच्या भिंतींवर ‘गुप्तरोगा’च्या जाहिराती त्याला आधी भेटतात. संभोगशक्ती वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे, तरी त्या दिसतात. या जाहिरातींमागे लागण्यात पैसा जातो आणि वेळ त्याहून जास्त जातो. ताठरता कमी होणे ही पुष्कळदा मधुमेहाची किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होत असल्याची पहिली खूण असते. त्यामुळे सुरुवात शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉलपासून करावी. त्यासाठी लांब जावे लागत नाही. सुई शिकवण्याचे काम मात्र मूत्रविकारतज्ज्ञाचे. त्यासाठी कल्याण-ठाणे किंवा आणखी पुढे मुंबईत सायन, केईएम रुग्णालय गाठावे लागले, तरी ती खेप वाया जात नाही.

पहिली सुई डॉक्टरच देतात, तीही अगदी कमी मात्रेने. मज्जातंतूंच्या इजेमुळे त्रास असलेल्यांना थोडक्या औषधानेही भरपूर परिणाम होतो, म्हणून त्यांची मात्रा आणखी कमी असते. सुई दिल्यावर ताठरता पूर्ण उतरेपर्यंत रुग्णाने दवाखान्यातून हलायचे नसते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेल्या माणसाला घड्याळ दिसत असते, पण ही बैठक मुळीच आखडती घेऊ नये. मात्रा याच बैठकीत ठरू लागते, आणि तिथे ठरलेली मात्रा घरी आपल्या मनाने बदलायची नसते.

पुढच्या खेपेला सिरिंज रुग्णाच्या हातात येते. इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. या कामाला बहुधा इन्सुलिनची सिरिंज वापरतात आणि आपल्याकडे तिचे दोन प्रकार मिळतात. लाल टोपणाच्या सिरिंजवर एका मिलिलिटरला 40 युनिट असतात, नारिंगी टोपणाच्या सिरिंजवर 100. ‘दहाच्या आकड्यापर्यंत भरा’ एवढेच लक्षात ठेवले, तर लाल सिरिंजमध्ये 0.25 मिलिलिटर भरते आणि नारिंगीत 0.1. म्हणजे नारिंगीऐवजी लाल सिरिंज हाती आली की औषध अडीचपट होते. घरात कोणी इन्सुलिन घेत असेल, तर दोन्ही रंग एकाच डब्यात सापडू शकतात. मात्रा मिलिलिटरमध्ये लिहून घ्यावी आणि सिरिंज कायम एकाच रंगाची आणावी.

हात साबणाने धुवून, लिंगाचे टोक धरून ते पुढे ओढायचे आणि मांडीच्या बाजूला ताणून धरायचे. सुई मुळाकडच्या भागात, बाजूने टोचायची. घड्याळाची तबकडी डोळ्यांपुढे आणली, तर जागा दहाच्या किंवा दोनच्या आकड्यावर येते. बाराच्या जागी मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या असतात, सहाच्या जागी मूत्रमार्ग. दिसणारी शीर चुकवायची, स्पिरिटच्या बोळ्याने कातडी पुसायची आणि सुई सरळ काटकोनात पूर्ण आत घालायची. औषध सहज गेले पाहिजे. दट्ट्या अडला तर जोर करायचा नाही, सुई किंचित मागे घ्यायची. नंतर त्या जागी पाच मिनिटे दाबून धरायचे, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आणखी जास्त वेळ. पोट सुटलेल्याला जागा दिसत नाही किंवा एखाद्याचा हात थरथरतो. अशा वेळी पत्नीने शिकून घेतले तर काम सोपे होते. टोचण्याची भीती दोनतीन वेळांत जाते. अल्प्रोस्टाडिलने काहींना लिंगात ठणका लागतो, तो लपवू नये, डॉक्टरांना सांगावा.

खरी जोखीम वेळेची असते. ताठरता चार तासांहून जास्त टिकली, तर आत कोंडलेल्या रक्तातला प्राणवायू संपतो आणि पेशी मरू लागतात. मग जाड सुईने रक्त काढावे लागते आणि रक्तवाहिन्या आवळणारे औषध द्यावे लागते. लाजेपायी सकाळपर्यंत थांबलेल्याचे नुकसान कायमचे होऊ शकते. रात्री अकराला सुई घेतली तर ही मुदत पहाटे तीनला भरते, आणि तेव्हा लोकल बंद असते. म्हणून पहिली सुई घरी घेण्याआधीच रात्री कोणत्या रुग्णालयात, कोणत्या गाडीने जायचे ते ठरवून ठेवावे. परिणाम आला नाही म्हणून त्याच रात्री दुसरी सुई कधीच घेऊ नये. दोन सुयांत किमान 24 तासांचे अंतर हवे, आणि आठवड्यात तीनपेक्षा जास्त नकोत.

सिकलसेल असलेल्यांना ताठरता न उतरण्याचा हा धोका मोठा असतो, म्हणून त्यांना ही सुई देत नाहीत. महाराष्ट्रातल्या आदिवासी समाजात हा आजार आढळतो. अंबरनाथ तालुक्यातल्या आदिवासी वाड्यांतून आलेल्याची ती तपासणी आधी झालेली बरी.

पापाव्हरिन, फेन्टोलामाइन आणि अल्प्रोस्टाडिल यांचे मिश्रण फ्रिजमध्येच ठेवावे लागते. एकत्र कुटुंबात ती बाटली कोणाच्याही नजरेस पडते, त्यामुळे आतल्या बाजूला झाकणाचा डबा केलेला सोयीचा. टोचण्याची जागा दर वेळी बदलायची, एकदा डावी, एकदा उजवी. एकाच जागी टोचत राहिले तर आत गाठ धरते आणि लिंगाला बाक येतो. तसे जाणवले तर सुई थांबवून डॉक्टरांना दाखवावे. वापरलेली सुई घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. ती जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून, घट्ट झाकण लावून रुग्णालयात द्यायची, म्हणजे कचरा वेचणाऱ्याच्या हाताला ती टोचणार नाही.